दूध तुटलेलं लेकरू

"पण दूध तुटलेलंच का?" यनशिमनं विचारलं. सोललेलं रताळं तिच्या हातात तसंच राहिलं.

जोंगओकबाईंच्या घरी शुक्रवारची उपासना चालली होती. जमीन खालून छान तापलेली, बायकांच्या मांड्यांवर एकच मोठी गोधडी, मध्ये ठेंगण्या मेजावर उकडलेली रताळी आणि मुळ्याच्या लोणच्याचं गार पाणी. स्तोत्र वाचून झालं होतं. आता खायचं होतं, गावच्या चौकशा करायच्या होत्या, आणि मग आमेन.

"काय म्हणालीस?" जोंगओकबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. गल्लीतल्या या गटाच्या त्या प्रमुख.

"हे बघा ना. स्तोत्रात दावीद राजा म्हणतो, माझा जीव मी गप्प केलाय. आईजवळ दूध तुटलेलं लेकरू असतं, तसा. दूध पिणारं का नाही म्हणाला? पिणारं पोर कसं गुपचूप असतं. दूध तुटलेलं घर डोक्यावर घेतं."

"दावीद पुरुषमाणूस," कोपऱ्यातून मासेवाली म्हणाली. "घरात पोर रडत असणार आणि हा गच्चीवर वीणा वाजवत बसला असणार. त्याला काय कळतंय!"

बायका हसल्या. गोधडी हलली.

"कळत नव्हतं तर लिहिलं कशाला?" यनशिम हसली नाही. "काहीतरी बघितलं असेल ना त्यानं."

"अगं बाई, तीन वचनांचं स्तोत्र ते," जोंगओकबाई म्हणाल्या. "तिनात किती मावणार? पुढच्या शुक्रवारी एकशे बत्तिसावं घेऊ, ते चांगलं लांबलचक आहे. खा आता, निवतंय."

यनशिमनं रताळं खाल्लं. पण चवीकडे तिचं लक्ष नव्हतं.

मोकपो बंदराच्या मागच्या बाजूला एक जुना हमामखाना आहे. त्याच्या बायकांच्या भागात यनशिम अंग घासायचं काम करते. तारुण्यातच नवरा गेला, मूलबाळ झालं नाही, आणि हे काम हाताला लागलं ते लागलंच. हातात खरखरीत हिरवा मोजा, अंगावर कामाची काळी चोळी-चड्डी, समोर गुलाबी रेक्झिनचं टेबल. शहरातल्या अर्ध्या बायकांच्या पाठी तिला ठाऊक आहेत. कुणाची पाठ ओझ्यानं वाकली, कुणाची मशीनवर बसून, कुणाची नुसती भीतीनं, ते तिचे हात सांगतात. तोंडानं ती कुणाला सांगत नाही.

वाचायला ती शिकली तीच मुळी स्तोत्रांवर. लग्न होऊन मोकपोला परत आली, चर्चच्या मंडळीत यायला लागली तेव्हा तिला अक्षरओळख नव्हती. जोंगओकबाईंनी शिकवायला घेतलं. शास्त्रातला कुठला भाग घेऊ, असं तिनं विचारलं तर बाई म्हणाल्या, "स्तोत्रं घे. आखूड असतात, आणि रडारड भरपूर आहे. तुझं मन लागेल."

मन लागलं. इतकं लागलं, की आता वय झालं तरी तो नेम सुटला नाही. पहाटेच्या प्रार्थनेला जायचं, सगळे उठून गेले की मागच्या बाकावर एकटीनं बसायचं आणि एक स्तोत्र वाचायचं. ओठांतल्या ओठांत, बोट फिरवत. एक झालं की दुसऱ्या पहाटे पुढचं. दीडशे झाली की पुन्हा पहिलं. आणि ज्या दिवशी जे येईल, ते त्या दिवसाचं. निवडायचं नाही, उडी मारायची नाही, मागचं पुन्हा मागायचं नाही. दिवसभरात जे काही समोर येईल त्याला पहाटेच्या त्या ओळींशी लावून बघायचं. गळ्यापर्यंत पाणी आलं, असं स्तोत्र ज्या पहाटे आलं, त्याच दिवशी हमामखान्याची मोरी तुंबली आणि बायका घोटाभर मळक्या पाण्यात उभ्या राहून ओरडत होत्या. शेजारच्या टेबलावर काम करणारी छुनही म्हणाली, "ताई, उद्याचं आजच वाचून ठेवत जा ना. प्लंबरला आधी सांगून ठेवता येईल."

तर असा तो नेम. आणि त्या नेमापायीच हे सगळं झालं.

थंडीच्या तोंडावर, घरोघर कोबीचं तिखट लोणचं, किमची, घालायचे दिवस होते तेव्हा, तिला फोन आला होता.

"आत्या, मी सांगबे बोलतोय. ग्वांगजूहून."

भावाचा मुलगा. आवाज पन्नाशी उलटलेल्या माणसाचा, जपून बोलणारा. आई आता एकटी राहू शकत नाही, म्हणाला. सणानंतर तिला इथल्या वृद्धाश्रमात आणतोय. मोकपोचं घर बंद करायचं. या नव्या वर्षाचा सण त्या घरातला शेवटचा. बाबांच्या स्मरणाची उपासना करू, सगळे मिळून जेवू. तुम्ही या. आईनं सांगितलंय.

"तिनं सांगितलं?"

"सांगितलं म्हणजे..." पलीकडे जरा थांबला. "तुमचं नाव काढलं तिनं. आपणहून."

यनशिमनं फोन कानाला तसाच धरला. त्या पहाटेचं स्तोत्र अठ्ठावन्नावं होतं. देवा, त्यांच्या तोंडातले दात पाड, असं त्यात आहे.

"मला नाही जमायचं," ती म्हणाली आणि कोबीला मीठ लावायला बसली.

हे जोंगओकबाईंना कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "अठ्ठावन्नावं आलं म्हणून नाही म्हणालीस? आणि तोच फोन तेविसाव्याच्या, 'परमेश्वर माझा मेंढपाळ'च्या दिवशी आला असता, तर? लगेच टॅक्सी करून गेली असतीस?"

"तेविसाव्याला आला असता तर तेविसाव्याचं. नाही आला ना पण."

यनशिमशी वाद घालणं म्हणजे ओल्या साबणाला पकडणं.

पण मनात खोल कुठेतरी यनशिमलाही ठाऊक होतं, की हे उत्तर तिनं मागितलं नव्हतं, ते हाती आलं होतं आणि सोयीचं होतं म्हणून तिनं ठेवून घेतलं. वहिनी ग्वांगजूला गेली की संपलं. वृद्धाश्रमाच्या दारात उभं राहून विचारायचं काय आणि भांडायचं कसं? लहानपणची यनशिम जिनं पाहिली, असं जिवंत माणूस जगात ती एकच उरली होती. जावं, की जाऊ नये? सण जवळ येत होता. स्तोत्रं एकेक पुढं सरकत होती. डोंगराकडे डोळे लावतो, हे आलं त्या दिवशी तिनं युदाल डोंगराकडे पाहिलं. वहिनीचं घर त्याच्याच पलीकडच्या उतरणीवर. पायऱ्यांवर बर्फ होता. ती गेली नाही.

आणि मग एकशे एकतिसावं आलं. तीन वचनांचं, दूध तुटलेल्या लेकराचं. दुसऱ्या पहाटे ती बाकावर बसली आणि तिचं बोट पुढं सरकेना. जन्मात पहिल्यांदा तिनं नेम मोडला. तेच पुन्हा वाचलं. तिसऱ्या दिवशी तेच.

याला कारण होतं. यनशिमला मूल झालं नव्हतं, पण दूध तुटलेलं लेकरू तिला ठाऊक होतं. पाठीला ठाऊक होतं.

आई गेली तेव्हा यनशिम अगदी लहान. थोरल्या भावानं तिला आपल्या घरी ठेवलं. भावाची बायको हेनाम गावची, म्हणून गल्ली तिला हेनामकरीण म्हणायची. तिला सांगबे झाला, आणि झाल्या दिवसापासून तो यनशिमच्या पाठीवर. जाड फडक्यानं घट्ट बांधलेला. पाणी आणताना पाठीवर, कोळसे वेचताना पाठीवर, पोरी दोरीवर उड्या मारायच्या ते बघतानाही पाठीवर. बाळ जड होत गेलं, पोर वाकत गेली. मग वहिनीनं त्याचं अंगावरचं दूध तोडलं. छातीला कडू औषध लावलं. पोरानं एकदा तोंड लावलं, आणि जी किंकाळी फोडली! वहिनी आत गेली, दार लावलं. तो रडत राहिला यनशिमच्या पाठीवर.

त्यानंतर थोड्याच महिन्यांत भावानं यनशिमला सोलच्या गाडीत बसवलं. कुणा सुखवस्तू घरी कामाला. शाळेत घालतील, म्हणाला. त्यांनी शाळेत घातलं नाही. भांडी होती, धुणं होतं, आणि त्यांचीही पोरं होती पाठीवर घ्यायला. वहिनी तिला निरोप द्यायला स्टेशनावर आली नव्हती. यनशिमनं गाडीच्या काचेतून शेवटपर्यंत पाहिलं होतं.

भाऊ वारला तेव्हा ती मातीला गेली. दारातच वहिनी म्हणाली, "उशीर केलास." यनशिम फुलं ठेवून उलट पावली परतली. त्यानंतर दोघी एका छपराखाली आल्या नाहीत.

तर ते लेकरू शांत कसं झालं? तिला आठवत नव्हतं. रडणं आठवत होतं, मानेवर पडणारे गरम श्वास आठवत होते. पुढचं पुसलेलं.

तिनं पाळकसाहेबांना गाठलं. ते नवे होते, कोवळे, शाळेची पाटी नुकतीच खाली ठेवल्यासारखे. पहाटेच्या प्रार्थनेनंतर ते स्टोव्ह विझवत होते.

"सोपं आहे ते," ते उत्साहानं म्हणाले. "दूध पिणारं लेकरू आईजवळ येतं ते दुधासाठी. दूध तुटलेलं येतं ते आईसाठी. मागणं संपलं, तरी जवळ आहे. देवाशी आपलं तसं असावं."

यनशिमनं मान डोलावली. "चांगलं सांगितलंत. तुम्हाला मुलं किती?"

"माझं... लग्न ठरतंय."

"होईल, होईल. पण साहेब, मधलं कुठंय?"

"मधलं म्हणजे?"

"आधी पोर रडतं. मग शांत होतं. दावीदनं एकदम शांत झालेलंच लिहिलं. मधे काय झालं? कुणी समजूत घातली? की नुसतं रडू दिलं? ते नको का लिहायला? आम्हाला तेच तर हवंय."

पाळकसाहेब स्टोव्हची किल्ली हातात धरून उभे राहिले. माणूस प्रामाणिक होता. "ते मला नाही माहीत, आजी."

"आजी काय म्हणता, काकू म्हणा," यनशिम म्हणाली आणि कामाला गेली.

सणाच्या आधीचे दिवस म्हणजे हमामखान्याची जत्रा. जुन्या वर्षाचा मळ अंगावर घेऊन कुणी नव्या वर्षात जात नाही. लेकी, सुना, सासवा, नातींना दंडाला धरून आणलेल्या आज्या. वाफेत सगळ्या सारख्याच दिसतात, गुलाबी आणि भाजलेल्या. यनशिमच्या टेबलाशेजारी भिंतीला खिळे आहेत. घासून घ्यायचं असेल तिनं आपल्या कपाटाची किल्ली खिळ्याला अडकवायची. नाव नाही, गाव नाही. किल्लीचा नंबर म्हणजेच बाई.

"एक्केचाळीस!" यनशिमनं हाक मारली.

वाफेतून भिंत धरधरून एक म्हातारी आली. हाडं आणि सुरकुत्या. यनशिमनं सवयीनं तिच्या काखेत हात घातला, टेबलावर निजवलं, गरम पाण्याची बादली ओतली.

"भिजलात ना नीट? कोरडं घासलं तर सालटं निघतात."

"भिजले. जन्मभर भिजतच आलेय."

यनशिमचा मोजा घातलेला हात हवेत राहिला.

"वहिनी?"

"मग कोण? डोळे गेले का तुझे?" म्हातारीनं डोळे मिटलेलेच ठेवले. "बाहेरच्या पोरीला म्हटलं, यनशिमच्याच हाताखाली जायचंय मला. ती म्हणाली, थांबावं लागेल. थांबले."

"तुझ्या घराजवळ हमामखाना नाही?"

"आहे की. पाणी कोमट असतं."

कोमट पाण्यापायी ऐंशी वर्षांची बाई दोन बस बदलून, बर्फातून आली होती. शेजारच्या टेबलावर छुनहीनं मान वळवून पाहिलं, पुन्हा कामाला लागली. पण तिचे कान इकडेच होते.

काय करावं? किल्ली परत खिळ्याला लावून, छुनहीकडे जा, म्हणावं? यनशिमनं विचार केला. विचार पुरा व्हायच्या आत हातांनी सुरुवात केली होती. हातांना क्रम पाठ असतो. आधी दंड, मग काख, मग बरगड्या. मळाच्या करड्या वळकट्या सुटायला लागल्या. वहिनीच्या दंडाचं मांस पिकल्या पर्सिमन फळासारखं लोंबत होतं. जोर बेतानं लावावा लागत होता.

"सांगबेला नाही म्हणालीस," वहिनी म्हणाली.

"म्हणाले."

"का?"

"त्या दिवशीचं स्तोत्र तसं होतं."

"कुठलं?"

यनशिमनं बरगड्यांवरून पाणी सोडलं. लपवायचं कशाला? "अठ्ठावन्नावं. देवा, त्यांच्या तोंडातले दात पाड."

वहिनीनं डोळे उघडले. क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग दोन बोटं तोंडात घातली आणि वरची कवळी काढून वाफेत उंच धरली.

"पडले की!" बोळक्या तोंडानं म्हातारी म्हणाली. "एकदाच मागितलंस?"

"दर फेरीला. दीडशे झाली की परत येतं ते."

"तरीच! एकदम नाही गेले, एकेक करून गेले. मी दाताच्या डॉक्टरला शिव्या देत होते."

छुनहीनं हसू दाबायला बादली जोरात आपटली. तिच्या टेबलावरची बाई दचकून उठून बसली. यनशिमला हसू आलं आणि त्याचा तिला राग आला. तिनं कवळी घेतली, धुतली, वहिनीच्या हातात दिली.

"घाल. गार पडेल."

मग यनशिमनं मांडी घासायला घेतली आणि तिच्या तोंडून ते निघालंच. "वहिनी, एक विचारू? सांगबेचं दूध तोडलंस, तेव्हा तो गप्प कसा झाला?"

"हे आत्ता? इथं?"

"माझं अडलंय गं त्यापाशी. पुढं जाता येत नाहीये."

वहिनी वर छताकडे पाहत होती. तिथं पाण्याचे थेंब लटकत होते, एकेक करून जड होत होते. "तुला आठवत नाही?"

"रडलेलं आठवतं. गप्प झालेलं नाही."

"मला आठवतं," वहिनी म्हणाली. "तू त्याला बंदरावर नेऊन आणायचीस. परत आलात की मी आतून ऐकायचे, रडतोय का अजून. रडायचा. एका पहाटे आवाज थांबला. मी दार उघडून पाहिलं. तू चुलीपाशी उभी होतीस, त्याला पाठीवर घेऊन. त्यानं तुझ्या मानेत तोंड घातलं होतं. जागा होता. टक्क डोळे उघडे. मी हात पुढे केले. ये म्हटलं. आला नाही."

यनशिमचे हात चालत होते, पण हळू.

"तुला 'आई' म्हणाला तो," वहिनी म्हणाली. "तुला ऐकू गेलं नाही, तू पेंगत होतीस. मी ऐकलं."

पाण्याचा नळ कुठेतरी चालू राहिला होता. कुणाची तरी नात केस धुऊन घ्यायला तयार नव्हती, भोकाड पसरून रडत होती.

"सोलचं ते काम तुझ्या भावानं नाही शोधलं. मी शोधलं. त्याला म्हटलं, खाणारी तोंडं फार झालीत. तुझं तोंड किती खायचं? चिमणीएवढं. ते नव्हतंच तोंडांचं."

"ताई," छुनही हळूच म्हणाली, "पाणी वाहतंय."

यनशिमनं बादली सरळ केली. तिला चिडायचं होतं. तिच्याजवळ त्यासाठी सगळं तयार होतं, वर्षानुवर्षं वाचून वाचून धार लावलेलं. पण तिला आधी उरलेलं ऐकायचं होतं. पोरगं तिच्या पाठीवरून उतरलं, त्यानंतरचं.

"मग?" तिनं विचारलं. "मी गेल्यावर?"

"तू गेल्यावर दारात बसायचा. गाडीची शिटी झाली की उठायचा, गल्लीच्या टोकापर्यंत जायचा, परत यायचा. माझ्याकडे बघायचाही नाही. सगळ्यांच्या पोरांचं दूध एकदा तुटतं, यनशिम. त्याचं मी दोनदा तोडलं." वहिनीचा श्वास लागला. थांबून म्हणाली, "मग एका दुपारी मी अंगणात मासे वाळत घालत होते. मागून आला आणि मला टेकून बसला. काही मागितलं नाही. खाऊ नाही, तू नाही, मी नाही. नुसता बसला. मी त्या दिवशी शेजारणींना सांगत सुटले, माझा मुलगा शहाणा झाला."

"आणि आता?"

"आता वाटतं, दमला असेल."

यनशिमनं मोजा उलटा करून पिळला. दमला असेल. म्हणजे तेच होतं मधलं? कुणी समजूत घातली नव्हती, कुणी काही दिलं नव्हतं. रडून रडून पोर दमलं होतं, आणि दमल्यावर जे माणूस जवळ होतं त्याला टेकलं होतं. ज्यानं तोडलं, त्यालाच. दावीदनं हे लिहिलं नाही. लिहिलं असतं तर कुणी गायलं असतं का? की त्यालाही सांगायला लाज वाटली?

तिला एकाएकी आपले खांदे जाणवले.

"मी चुकले म्हणायला आले नाही हां," वहिनी म्हणाली.

"माहितीये."

"मळ काढायला आले. तिकडे म्हणे नर्सा ओल्या फडक्यानं पुसून घेतात. जेवणाचं मेज पुसावं तसं."

"घासत नाहीत?"

"कुठलं घासायला!"

"शी," यनशिम मनापासून म्हणाली.

तिनं वहिनीच्या कमरेवर दोन टपल्या मारल्या. दोन टपल्या म्हणजे पालथं व्हा. वहिनीला एकटीनं वळता येईना. यनशिमनं एक हात मानेखाली घातला, एक गुडघ्यांखाली, आणि अलगद कूस पालटवली. म्हातारी अंगावर घेतलेल्या चादरीएवढी हलकी लागली. एके काळी हिच्या पावलाचा आवाज आला की यनशिम चुलीआड सरकायची.

पाठ समोर आली. अरुंद, मणका न् मणका मोजावा अशी. हात पोचत नाही अशा जागी, दोन्ही खवाट्यांच्या मधे, मळ साचून काळसर पट्टा झाला होता. एकट्या राहणाऱ्या बायकांच्या पाठीवर तो असतोच. घासून द्यायला घरात दुसरा हात नसतो. यनशिमनं गरम टॉवेल त्यावर पसरला, जरा दाबून धरला, मग घासायला घेतलं. वरून खाली, वरून खाली. सणाच्या घाईत इतर बायकांना देते त्याहून जास्त वेळ. कातडी लालसर होत गेली, मग गुलाबी. म्हाताऱ्या पाठीखालून जुनी, गोरीपान पाठ वर यायला लागली.

सांगबेनं सणासाठी पुन्हा फोन केलेला नव्हता. आपणच करायला हवा. आणि तो 'आत्या' म्हणेल, जपून, परक्यासारखा. त्याला यातलं काही ठाऊक नाही, आणि ते सांगणारी यनशिम नव्हती. हे दोघींत राहील. मग एकीत राहील. मग कुणातच नाही.

"येईन मी सणाला," ती म्हणाली. मोठ्यानं म्हणावं लागलं, वाफेत आवाज विरतात. "आदल्या दिवशीच येते. सूप मात्र मी करणार. तू मीठ फार घालतेस. आणि त्यातल्या तांदळाच्या पिठाच्या चकत्या जाड कापू नकोस, कवळीला लागतील."

वहिनी काही बोलली नाही.

"ऐकलंस का?"

यनशिम वाकली. वहिनीचा गाल रेक्झिनला चिकटून दुमडला होता. तोंड किंचित उघडं होतं. श्वास सावकाश चालला होता, आत, बाहेर. ती झोपली होती. किती वेळ झाला होता कोण जाणे. सांगितलेलं काहीच पोचलं नव्हतं. ते पुन्हा सांगावं लागणार होतं, जागेपणी, तोंडाकडे बघून.

"ताई!" छुनहीनं आवाज दिला. "त्रेपन्न कधीची थांबलीय! आणि मागे अजून आठ-नऊ किल्ल्या आहेत. उठव ना त्यांना."

यनशिमनं एक हात वहिनीच्या कमरेवर ठेवला. टेबल निसरडं असतं, झोपेत म्हातारी घरंगळायला नको. दुसऱ्या हातानं ती बादलीतलं ऊन पाणी थोडं थोडं पाठीवर सोडत राहिली.

"थांबायला सांग," ती म्हणाली.

त्रेपन्न नंबरची बाई जाडजूड होती. कमरेवर हात ठेवून, भांडायच्या तयारीनंच ती वाफेतून आली. तिनं टेबलाकडे पाहिलं. मग बाजूचं प्लास्टिकचं स्टूल उचललं, फरशीवर ओढलं नाही, उचलूनच आणलं, आणि भिंतीला टेकून गुपचूप बसून राहिली.